पिशवी काढल्यानंतरचा सव्वा महिना

बाळंतिणीला सव्वा महिना मिळतो. गरीब घरातही जमेल तशी बाज टाकतात, शेक देतात, पहिल्या खेपेला माहेरी नेतात. त्याच बाईची पुढे पिशवी काढली, की तिच्यासाठी असा कुठलाच रिवाज नसतो. "मोकळी झाली," म्हणतात आणि टाके वाळायच्या आत पाण्याची घागर तिच्या हातात येते. आष्टी तालुक्यात गावोगाव बायकांच्या बैठका घेताना मी हे वारंवार ऐकते. बाळंतिणीचा आराम बाळासाठी असतो, बाईसाठी नव्हे, असाच याचा अर्थ नाही का?

बीड जिल्ह्यातल्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला. जिल्ह्यातल्या 99 खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत 4,605 ऑपरेशनं झाल्याचं सरकारने विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खाजगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याबाबत राज्यांना आदेश दिले. हे सगळं गरजेचं होतं. 1994 साली शिरूरच्या संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हापासून आपल्या संघटना या प्रश्नावर बोलत आल्या आहेत. पण आपली सारी चर्चा ऑपरेशन टेबलापाशी थांबते. ज्यांची पिशवी निघून गेली आहे त्यांचं पुढे काय, हे आपण फारसं विचारत नाही.

ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवडे जड उचलू नये, असं डॉक्टर सांगतात. उसाची मोळी तीस-चाळीस किलोची. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळते. बाई घरी बसली की नवरा अर्धा कोयता होतो. एक दिवस खाडा पडला तर पाचशे रुपये, कधी त्याहूनही जास्त कापतात, असं बायका सांगतात. त्यात ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडूनच घेतलेले असतात. म्हणजे ज्या कर्जाने ऑपरेशन झालं, तेच कर्ज तिला फडावर नेतं. एक बाई मला म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणले आराम करा. कुठं करू, ते नाही सांगितलं." कंबरदुखी, लघवीच्या तक्रारी, अंग खाली येणं हे सोसत ती पुढची वर्षं काढते. अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच पाळी गेल्यानंतरचे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात.

आता दुसरं चित्र बघा. पुण्या-मुंबईत स्तनांवर सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतलेली बाई घरी जाते, तेव्हा तिच्या हातात छापील कागद असतो. काही आठवडे वजन उचलू नका, हात डोक्यावर ताणू नका, आधाराची ब्रा घाला, अमुक दिवशी दाखवायला या. त्या शस्त्रक्रियेबद्दल, तिच्यामागच्या बाजाराबद्दल आपल्यात मतभेद आहेत, असावेतही. पण तिला मिळणारा आराम ही चैन नाही. कापलेलं अंग भरून यायला तेवढा वेळ लागतोच. चैन वाटते ती एवढ्याचसाठी, की तो वेळ पैसे देऊन विकत घ्यावा लागतो. शरीर दोघींचं सारखंच. मग कागद एकीलाच का?

कायद्यानेही बाळंतपणापलीकडची बाई फारशी पाहिलेली नाही. मातृत्व लाभ कायद्यात 1995 साली नसबंदीनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा आली. आता ती तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. गर्भाशय काढण्याचा तिथे उल्लेख नाही. शिवाय मालक कोण, कारखाना की मुकादम, हा वाद कायम असताना ऊसतोड बाईने रजा मागायची कुणाकडे? आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देतात, त्याचा मोबदला त्यांना मिळतो. पिशवी काढलेल्या बाईच्या घरी अशाच भेटी का ठरवू नयेत?

म्हणून आपल्या मागण्यांत या मागण्या घालूया. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याचं ठरलेलं आहे. त्यातून ऑपरेशननंतरच्या दोन महिन्यांची मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावी. त्या काळात खाडा लावू नये आणि उचल फिरवून मागू नये. दवाखान्याने मराठीत लिहिलेला सूचनांचा कागद द्यावा आणि तो वाचून दाखवावा. आशाताईंना या भेटींचा मोबदला मिळावा.

काही गोष्टी मात्र सरकारची वाट न बघता आपल्याला करता येतील. बचत गटाने तिचा हप्ता दोन महिने पुढे ढकलावा. शेजारणींनी पाणी आणि सरपणाच्या पाळ्या लावून घ्याव्यात. आणि नवऱ्याशी, सासूशी बैठकीत उघड बोलावं. बाळंतिणीची बाज टाकायला कुणाला शिकवावं लागत नाही. तीच बाज पिशवी काढलेल्या बाईसाठीही टाकायची, एवढं गावाने ठरवलं पाहिजे.