टॉन्टीटाउनची पंगत

इटलीचे नाव निघाले की जाहिरातवाले एकच चित्र दाखवतात. द्राक्षांच्या मांडवाखाली लांबलचक टेबल, हसरी आजी, भोवती पंधरावीस माणसे आणि मधोमध वाफाळता पास्ता. चित्र गोड आहे, नाही म्हणवत नाही. पण इटली सोडून परमुलखात शेती करायला गेलेल्या पहिल्या कुटुंबांचे उघड्यावरचे जेवण डोळ्यांसमोर आणायचे, तर हे चित्र जरा बाजूला ठेवावे लागते. आम्ही त्यासाठी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातले टॉन्टीटाउन हे छोटे गाव निवडले आहे.

१८९५ साली न्यूयॉर्कच्या ऑस्टिन कॉर्बिन नावाच्या धनिकाने मिसिसिपी नदीजवळच्या आपल्या कापसाच्या मळ्यावर इटालियन कुटुंबे आणवली. मळ्याचे नाव सनीसाइड. साडेबारा एकरांचा तुकडा प्रत्येकी, किंमत हप्त्यांनी फेडायची. कापूस यांच्यापैकी बहुतेकांनी कधी पिकवला नव्हता. पाणी खराब, दलदल जवळ, मलेरियाने घरेच्या घरे आजारी पडली आणि माणसे दगावली. १८९६ मध्ये कॉर्बिन स्वतःच अपघातात गेला. मग पिएत्रो बांदिनी नावाच्या पाद्र्याने १८९८ मध्ये सुमारे चाळीस कुटुंबे सोबत घेतली आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ओझार्कच्या डोंगराळ भागात नेली. तिथे त्यांनी वसवलेल्या गावाला सतराव्या शतकातला इटालियन प्रवासी एन्रिको तोंती याचे नाव दिले.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात या लोकांनी देवाचे आभार मानण्यासाठी एकत्र, उघड्यावर जेवण केले असे सांगतात.

काय असेल त्या जेवणात? आमचा अंदाज असा की फारसे काही नसेल. गावाला येऊन जेमतेम काही महिने झालेले, हातात पैसा नाही. फळ्या टाकून टेबले केली असतील, ताटल्या घरोघरून आल्या असतील. पण हे लोक मायदेशात काय खात होते हे कळले, म्हणजे त्या साध्या ताटाची किंमत कळते.

उत्तर इटलीतल्या शेतमजुराचे रोजचे अन्न म्हणजे पोलेंता, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तांब्याच्या भांड्यात पाणी उकळायचे, त्यात पीठ सोडून लाकडी दांड्याने पाऊण तास घोटायचे, मग सगळे फळीवर पालथे करून दोऱ्याने कापायचे. आमच्या वाचक अम्मी-खालांना पाऊण तास घोटणे म्हणजे काय ते सांगायला नको! सकाळी तेच, रात्रीही तेच. गव्हाची रोटी सणासुदीला, गोश्त त्याहून क्वचित. नुसत्या मक्यावर राहिल्याने पेलाग्रा हा आजार होई. कातडी फाटे, जुलाब लागत, शेवटी माणसाला भ्रम होई. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात उकळून घेतात, त्यामुळे त्यातले जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने तिथून मक्याचे बी आणले, ही रीत आणली नाही. (आपल्या दख्खनवर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही हा आजार दिसला होता, हैदराबादच्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला.)

एकत्र बसण्याची सवय मात्र त्यांनी गावाहूनच आणलेली. हिवाळ्यात जळण परवडत नसे म्हणून शेजारीपाजारी रात्री गोठ्यात जमत. गुरांच्या उबेत बायका सूत कातत, म्हातारे गोष्टी सांगत. याला ते ‘फिलो’ म्हणत. उन्हाळ्यात अंगण होतेच. ओझार्कमधली पहिली घरे तर एवढी लहान की चार कुटुंबे जेवायला जमायची म्हटली तर अंगणाशिवाय जागाच नव्हती. जाहिरातीतला मांडव हौसेचा वाटतो. या लोकांचा नाइलाजाचा होता.

त्या पहिल्या पंगतीत आम्हाला सर्वांत आधी दिसतात त्या रिकाम्या जागा. सनीसाइडच्या मातीत कुणी मूल ठेवून आले होते, कुणी नवरा. वाढणाऱ्या बाईने एखादी ताटली सवयीने जास्त मांडली असेल का? हा आमचा तर्क, कुठे लिहिलेले नाही. पुढची काही वर्षेही सोपी नव्हती. पैशासाठी पुरुष खाणींत आणि रेल्वेच्या कामावर जात, शेत बायका-मुले बघत. आसपासच्या काही लोकांना हे परक्या भाषेचे कॅथलिक शेजारी नको होते.

हळूहळू सफरचंद, स्ट्रॉबेरी आणि मग द्राक्षे आली. १९०५ मध्ये इटलीचे राजदूत एदमोंदो मायोर देस प्लांश गाव बघायला आले, तेव्हा आपले लोक इथे मार्गी लागलेले त्यांना दिसले. द्राक्षाबरोबर त्यांच्या टेबलावर दारूही असे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण १९२० च्या दशकात देशात दारूबंदी असताना वेल्च कंपनीने जवळच्या स्प्रिंगडेलमध्ये द्राक्षरसाचा कारखाना काढला आणि बागांना हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. न आंबलेला, बाटलीत टिकणारा हा रस थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने १८६९ मध्ये काढला, तोही चर्चमधल्या विधीत दारू नको म्हणून.

आभाराचे ते जेवण पुढे ऑगस्टमधल्या द्राक्ष-उत्सवात मिसळले, आणि तो उत्सव आजही भरतो. ताट ठरलेले: स्पॅगेटी आणि तळलेली कोंबडी. इटलीत कुणी हे दोन्ही एका ताटात वाढणार नाही. अशी कोंबडी अमेरिकेच्या दक्षिणेची, म्हणजे त्याच शेजाऱ्यांची. ती या चुलींवर नेमकी कशी पोहोचली असेल, कोणत्या बाईने कोणत्या बाईला कुंपणाशी उभे राहून विचारले असेल, याची कल्पना करायला आम्हाला सगळ्यात जास्त आवडते. हजारो लोक जेवून जातात, तरी स्पॅगेटी बाजारची नसते. चर्चच्या मंडळींनी ती आधीच घरची करून ठेवलेली असते.