डाव्या पायाचं दुप्पट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात दोन जणांनी मेल करून विचारलं, "सायकल सोडलीस की ब्लॉग?" दोन्ही सोडलेलं नाही. उलट सायकलवर एक नवीन खूळ बसवलंय, पॉवर मीटर. आज त्याबद्दलच. (आई, तू वाचत असशील तर किमतीचं वाक्य आलं की खाली उडी मार.)

आधी हे प्रकरण काय ते सांगतो. सायकलवाल्यांना वेगाचं वेड असतं, पण वेग हा अत्यंत लबाड आकडा आहे. खडकवासल्याकडे जाताना समोरून वारा असला की जीव काढूनही ताशी २० च्या पुढे काटा सरकत नाही, आणि परत येताना गप्पा मारत ३० गाठता येतात. मग मेहनत कधी जास्त झाली? नाडीचे ठोके सांगतात थोडंफार, पण तेही उशिरा. चढ सुरू झाल्यावर ठोके वर जायला वेळ लागतो, आणि उन्हात, कमी झोपेत ते उगाच वाढतात. पॉवर मीटर थेट मेहनत मोजतो. पेडलच्या दांड्यात स्ट्रेन गेज असतात. पायाच्या जोराने दांडा केसाहूनही कमी वाकतो, त्याने गेजचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून जोर कळतो. जोर आणि फिरण्याचा वेग मिळाला की वॅट निघाले. बारावीचं फिजिक्स. जर्मनीत उलरिक शोबेरर या इंजिनियरने १९८६ मध्ये एसआरएम नावाने हे सुरू केलं. तेव्हा ते व्यावसायिक स्पर्धकांचं होतं. आता आमच्यासारखे ढेरपोटेही घेतात.

मी घेतला तो एकाच बाजूचा, म्हणजे मोजणारं यंत्र फक्त डाव्या पेडलमध्ये. दोन्ही बाजूंचा घेतला असता तर सायकलीच्या निम्मी किंमत झाली असती. (आई, झालं ते वाक्य.) एका बाजूचा मीटर डाव्या पायाचे वॅट मोजतो, त्यांना दोनने गुणतो आणि ते तुमचे वॅट म्हणून दाखवतो. उजवा पाय डाव्याइतकाच कामसू आहे हे गृहीत धरलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बसवण्याची कथा. जुनं डावं पेडल काढायला ॲलन की घेऊन बसलो. अर्धा तास घाम गाळला, ढिम्म हलेना. बायको चहा घेऊन आली, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, उलटं फिरवून बघ ना." डाव्या पेडलचे आटे उलटे असतात! मला माहीत होतं, नाही असं नाही, पण हाताला माहीत नव्हतं. अर्धा तास मी ते पेडल इमानेइतबारे आवळत होतो. असो. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावा, आणि पहिल्या दोन-तीन राईडनंतर पुन्हा एकदा आवळा.

मग दोन कामं, जी बहुतेक जण विसरतात. एक, क्रँकची लांबी. ती क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. माझी १७० मिलिमीटर, पण कॉम्प्युटरमध्ये आधीच १७२.५ भरलेलं होतं. तसंच ठेवलं असतं तर प्रत्येक आकडा दीड टक्का फुगला असता. दुसरं, झिरो ऑफसेट. वाणी जसा तराजू रिकामा असताना काटा मध्यावर आहे ना बघतो, तसंच हे. सायकल सरळ उभी करायची, पेडलवर पाय ठेवायचा नाही, आणि कॉम्प्युटरवरून शून्य ठरवून घ्यायचं. डिसेंबरच्या सकाळी घरात हे करू नका. धातूवर थंडीचा परिणाम होतो, म्हणून सायकल दहा मिनिटं बाहेर गारव्यात ठेवा आणि मग करा.

पहिल्याच रविवारी बोपदेव घाटात वीस मिनिटांची परीक्षा दिली. वीस मिनिटं जितकी सलग दामटता येईल तितकी दामटायची, सरासरीच्या ९५ टक्के म्हणजे तुमची एफटीपी, साधारण तासभर टिकेल अशी ताकद. माझी सरासरी आली १५८, म्हणजे एफटीपी १५०. वजन ७४, म्हणजे किलोमागे जेमतेम दोन वॅट. हिशेब केला तर जीव तोडून मी घरातले दोन सीलिंग फॅन तासभर चालवू शकतो. मुलगी म्हणाली, "बाबा, लाईट गेल्यावर उपयोग होईल."

खरं सांगतो, लागलं मनाला. घाटात ज्यांच्या बरोबरीने मी चढतो त्यांचे आकडे माझ्याहून बरेच जास्त. मग मी बरोबरीने चढतो कसा? गुरुत्वाकर्षणाला सवलत देता येत नाही. सायकलसकट ८५ किलो दहा मिनिटांत १०० मीटर वर न्यायचे तर नुसत्या चढासाठीच १३९ वॅट लागतात. वारा, रस्ता वेगळे. आकडे जुळेनात. मला वाटलं मीटर बिघडलाय.

एका मित्राकडे दोन्ही बाजूंची पेडल्स आहेत. एका रविवारी ती उसनी घेऊन तोच घाट, तोच वेळ. एकूण वॅट आले १८४. मला आनंद झाला... एक मिनिटभर. खाली दुसरी ओळ होती: डावा ४३, उजवा ५७.

मीटर बिघडला नव्हता. पाय बिघडला होता.

२०१६ मध्ये स्कूटरवरून पडून माझा डावा पाय मोडला होता, नातेवाइकांना आठवत असेल. फिजिओथेरपी सहा महिने सांगितली होती, मी दोन महिन्यांत बंद केली. सगळ्यांना सांगितलं, पूर्ण बरा झालो. आई रोज फोनवर विचारायची आणि मी रोज तेच सांगायचो. पुढे उजवा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा वयाला दोष दिला. इतकी वर्षं उजवा पाय गुपचूप दोघांचं काम करत होता, आणि घाटाच्या माथ्यावर मी फोटो काढत होतो.

फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. डावी दोन सेंटिमीटर बारीक. त्यांनी सांगितलं की थोडा फरक सगळ्यांतच असतो, दमल्यावर तो बदलतोही, पण एवढा अंगावर काढू नका. आता आठवड्यातून तीनदा एका पायाचे व्यायाम चालू आहेत. तीन महिन्यांनी ४६-५४ झालंय.

तर माझं मत. आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात, "शरीराचं ऐकायला शिका, यंत्र कशाला?" काकांचं शरीर बहुधा खरं बोलत असेल. माझं नाही बोललं, किंवा बोललं ते मी ऐकलं नाही. मौजेसाठी वीस किलोमीटर फिरणाऱ्याने पॉवर मीटर अजिबात घेऊ नये. ते पैसे चांगल्या टायरवर खर्च करावेत. शिस्तीने सराव करायचा असेल तर एका बाजूचा पुरतो, कारण तुलना कालच्या स्वतःशीच करायची असते. पण पायाला, कमरेला कधी दुखापत झाली असेल तर एका बाजूचा घेऊ नका. दोन्ही बाजूंचा परवडत नसेल तर एका रविवारपुरता उसना मागा. आणि कुठलाही घेतलात तरी पहिला महिनाभर आकडे नुसते बघा, कोणाला सांगू नका.

मी मात्र आज सांगून टाकले. आई, तू उडी मारून इथवर आली असशील तर मधलंही वाच. रात्री फोन करतो.