बेकरीचा खाऊ आणि आजीचें सोंवळें

सुटी लागली कीं परगांवचे पाहुणे पुण्यास येतात आणि परत जातांना "येथून काय न्यावें?" हा प्रश्न हटकून विचारतात. पूर्वीं त्याचें उत्तर आंबाबर्फी व बाकरवडी एवढ्यावर संपत असे. आतां त्यांत बेकरीच्या जिनसांची भर पडली आहे. म्हणून या खेपेस तिकडेच वळावें असें आम्हीं योजिलें आहे.

पहिला मान अर्थातच लष्करांतील ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरीचा. १९५५ सालीं इराणी बंधूंनीं काढलेल्या या दुकानाचीं श्रूसबरी बिस्किटें सर्वश्रुत आहेत. नांव इंग्लंडांतील एका गांवाचें असलें तरी त्यांतील मर्म आपल्या गृहिणींस नवें नाहीं. करंजीच्या पिठांत मोहन सढळ हातानें घातलें कीं पारी खुसखुशीत होते. कारण स्निग्धांश पिठाच्या कणांस वेढून टाकतो व पीठ चिवट होऊं देत नाहीं. श्रूसबरींत तेंच काम लोणी करतें. दुकान दुपारीं कांहीं वेळ बंद असतें आणि रांगही असते. तेव्हां सकाळीं लवकर जाणें बरें. तेथील मावा केकही घ्यावा, मात्र तो ताजा असतांनाच खावा. डेक्कन जिमखान्याकडे राहणारांस आपटे रस्त्यावरील संतोष बेकरी जवळ पडते. गरम पॅटिस व क्रीमरोल यांविषयीं तिची ख्याति आहे. ज्यांच्या घरीं अंडें चालत नाहीं त्यांनीं सुटा माल विचारूनच घ्यावा. बंद पुड्यावर असते तशी हिरवी खूण त्यावर नसते.

आज आपण हें सारें किती सहज बोलतों! याच पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. पुढें उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत छापून आलीं, मोठें ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादांत सांपडावें लागलें.

या दोन टोकांमध्यें एक पायरी होती, ती आम्हीं स्वतः पाहिली आहे. आमच्या लहानपणीं घरचें तूप, मैदा व साखर डब्यांत भरून बेकरींत न्यावयाची आणि नानकटाई भाजून आणावयाची, अशी चाल होती. पदार्थ घरचा, विस्तव तेवढा दुसऱ्याचा! आमची आजी डब्याबरोबर स्वतः जाई आणि भाजून होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसे. बेकरीवाले तिच्यासाठीं एक पत्रा घासूनपुसून निराळा ठेवीत, तिला कधीं कांहीं खाण्याचा आग्रह करीत नसत. आजी पहिल्या दहा नानकटाया त्यांच्या मुलांच्या हातावर ठेवी, मगच डबा उचली.

एके वर्षीं त्यांच्या धाकट्या मुलीनें विचारलें, "आजी, तुमचें आम्ही दर वर्षीं खातों. आमचें तुम्ही कधींच कां खात नाहीं?" मुलीला दटावण्यास बेकरीवाले धांवले. आजी कांहीं बोलली नाहीं. परंतु निघतांना तिनें पावशेर खारी मागून घेतली. पैसे घेण्यास ते कांकूं करूं लागले, तरी तिनें ते दिलेच. घरीं येऊन देवापुढें दिवा लावल्यावर तिनें त्यांतील एक खारी चहाबरोबर खाल्ली. त्यानंतर ती दर आठवड्यास आणविली जाई.

आजीनें त्यासाठीं कोणत्याही परिषदेचा ठराव वाचला नव्हता. केवळ घेण्यांत नव्हे, देण्यांतही अहंकार असूं शकतो, हें तिला त्या मुलीच्या प्रश्नानें कळलें.

आमच्या जिभेचें सोंवळें आतां उरलेलें नाहीं. पण रांगेंत उभें राहून पुडा घेतांना, पहांटेपासून भट्टीच्या धगीशीं उभा असणारा मनुष्य कोण, याची विचारपूस आपण कितीदां करतों? पुढच्या खेपेस बिस्किटें आणाल तेव्हां मुलांना बरोबर न्यावें, आणि "छान झालीं आहेत" एवढें त्या माणसाला त्यांच्याच तोंडून सांगवावें.