विश्लेषण : ‘तुंबाड’मध्ये मांत्रिक नाही, ‘कॉन्ज्युरिंग’मध्ये आहे; भयपटाच्या चाहत्याने हा फरक का पाहावा?

भयपट संपला की चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते. घाबरलास का? मित्रांच्या ग्रुपवर तेवढ्यावरच चित्रपटाचा निकाल लागतो. भूत शेवटी कुणी घालवलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

नागपूर जिल्ह्यात बसून भयपट पाहणाऱ्याने मात्र हा दुसरा प्रश्न विचारायला हवा. कळमेश्वरचंच उदाहरण घ्या. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव, एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला संत्र्याच्या बागा आणि कपाशी. रात्रपाळीवरून आलेला तरुण मोबाइल उघडतो तेव्हा हॉलिवूडचा ‘द एक्झॉर्सिस्ट’, मराठी ‘लपाछपी’ आणि हिंदी ‘मुंज्या’ त्याला शेजारी शेजारी दिसतात. याच परिसरात ताप उतरत नाही किंवा मूल गप्प गप्प राहतं म्हणून ‘बाहेरचं लागलं’ असं म्हणणारी माणसंही भेटतात. त्यामुळे पडद्यावरचा मांत्रिक इथं पूर्ण काल्पनिक राहत नाही.

कायदा काय सांगतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीही नागपूरची, १९८२ पासूनची. म्हणजे या वादाची बरीचशी लढाई इथूनच लढली गेली आहे.

कायद्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याबद्दल आहे. त्या बहाण्याने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत.

आता २०१३ मध्येच आलेला जेम्स वान यांचा ‘द कॉन्ज्युरिंग’ आठवा. शेवटी घरातल्या आईला तळघरात खुर्चीला बांधलं जातं आणि भूत उतरवलं जातं. थिएटरात आपण श्वास रोखून बघतो, ती सुटली की हायसं वाटतं. तेच दृश्य गावात घडलं तर पोलिसांना बोलवावं लागेल.

मग असे चित्रपट पाहायचेच नाहीत का?

असं म्हणणं हास्यास्पद होईल. चित्रपटात भूत खरं असायला काहीच हरकत नाही. उलट, दोन तास घाबरवून शेवटी ‘सगळं स्वप्न होतं’ सांगणारे चित्रपट प्रेक्षकाची फसवणूक करतात. प्रश्न भुताचा नाहीच. किल्ली कुणाच्या हातात दिली, हा आहे.

‘कॉन्ज्युरिंग’ तंत्रात अफलातून आहे. टाळ्यांच्या खेळाचं ते दृश्य आजही अंगावर येतं. पण ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी जाहिरात करायची आणि सगळी उत्तरं भूत घालवणाऱ्या जोडप्याकडे ठेवायची, हा मामला पटत नाही. १९७३ चा ‘द एक्झॉर्सिस्ट’ याहून कितीतरी प्रामाणिक आहे. त्यातली आई मुलीला आधी डॉक्टरांकडे नेते. तपासण्यांची ती दृश्यं भुतापेक्षा जास्त अस्वस्थ करतात. फादर कॅरस स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्याची स्वतःची श्रद्धा डळमळलेली आहे, आणि शेवटी दोन्ही धर्मगुरू जिवानिशी जातात. तिथं विजय फुकट मिळत नाही.

हिंदीत तर गाडी उलट्या दिशेने गेली. १९९३ च्या मल्याळम ‘मणिचित्रतळू’वरून २००७ मध्ये ‘भूल भुलैया’ आला, त्यात कोडं सोडवतो तो मानसोपचारतज्ज्ञ. २०२२ च्या दुसऱ्या भागात भूत खरं निघालं आणि नायक झाला ‘रूह बाबा’ नावाचा भोंदू. डॉक्टरच्या जागी बाबा आला, तोही लाडका. मार्च २०२४ मधल्या ‘शैतान’मध्ये वशीकरण करणारा माणूस खलनायक आहे, ही जमेची बाजू. गुजराती ‘वश’वरून केलेल्या या चित्रपटात आर. माधवन खरोखर भीतिदायक वाटतो. पण वशीकरण चालतं, हे चित्रपट बिनशर्त मान्य करतो. खलनायक म्हणून का होईना, मांत्रिकाची पत वाढतेच.

‘तुंबाड’ इथं वेगळा कसा ठरतो?

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. १९१८ ते १९४७ या काळातली गोष्ट, कोकणातलं पावसात कुजणारं गाव, एक वाडा आणि सोन्याचा हव्यास असलेला हस्तर. (ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी या परिच्छेदाचा उरलेला भाग सोडून द्यावा.) या चित्रपटात कुणी मांत्रिक येत नाही, कुणी सुटका करत नाही. विनायक स्वतःच्या पायाने त्या विहिरीत उतरतो, पुन्हा पुन्हा उतरतो. त्याला कुणी झपाटलेलं नाही, त्याला फक्त आणखी हवं आहे. कणकेच्या बाहुल्या घेऊन मुलालाही तो तेच शिकवतो, जणू दुकानाचा गल्ला सोपवतोय. आणि शाप संपतो तो कुठल्या मंत्राने नाही. बापाने पुढे केलेलं सोनं मुलगा नाकारतो, तिथं संपतो.

हिंदीत अलीकडे झालेल्या भयपटांमध्ये याच्या जवळ जाणारा दुसरा नाही. हस्तर हा राक्षस आहेच, पण भीती वाटते ती विनायकच्या शांत हिशेबीपणाची.

पहिल्या वेळी या चित्रपटाला बेताचाच प्रतिसाद मिळाला. मग सहा वर्षं तो मोबाइलवर पाहिला गेला, लोकांनी एकमेकांना सांगितला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा थिएटरात आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. घरी पाहिलेल्या चित्रपटासाठी लोकांनी तिकीट का काढलं असेल?

मोबाइलवर भीती कमी का वाटते?

याचं एक उत्तर आवाजात आहे. भयपटातली दहशत बरीचशी खालच्या पट्टीतल्या आवाजावर उभी असते : लांबचा गडगडाट, जमिनीखालून आल्यासारखी घरघर. मोबाइलचा चिमुकला स्पीकर काही शे हर्ट्झच्या खालचं फार थोडं वाजवू शकतो. त्यामुळे हळूहळू चढणारी भीती गळून जाते आणि उरतो तो फक्त अचानक दार आपटल्याचा ‘धाड’ आवाज. तो छोट्या स्पीकरवरही दचकवतो. दचकणं आणि घाबरणं यात फरक आहे. मागून कुणी ‘भॉ’ केलं तरी माणूस दचकतो, त्यासाठी दिग्दर्शक लागत नाही. मोबाइलवर ‘तुंबाड’ पाहणाऱ्याने निम्मा पाऊस ऐकलेलाच नसतो.

आवाज आणि भुतं यांचा एक किस्सा इंजिनीअरिंगच्या पोरांना विशेष आवडेल. विक टँडी हे ब्रिटिश अभियंता एका प्रयोगशाळेत काम करत होते. तिथं उगाच धास्ती वाटायची, अंगाला घाम फुटायचा, एकदा तर डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना त्यांना दिसलं. शोध घेतल्यावर निघाला नवा बसवलेला पंखा. तो साधारण १९ हर्ट्झची कंपनं तयार करत होता, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या किंचित खाली. पंख्यात बदल केला आणि ‘भूत’ गेलं. १९९८ मध्ये त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. नंतरच्या प्रयोगांत या सिद्धांताला पक्का दुजोरा मिळालेला नाही, हेही सांगायला हवं. पण धास्ती वाटल्यावर मांत्रिकाचा नंबर न शोधता पंखा तपासणाऱ्या त्या माणसाची पद्धत बरोबर होती. एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

‘लपाछपी’ विसरला का गेला?

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ जुलै २०१७ मध्ये आला. गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्यासोबत उसाच्या शेतातल्या एकाकी घरात राहायला येते. घर सांभाळणारी तुळसाबाई (उषा नाईक) प्रेमाने वाढते, डोक्यावरून हात फिरवते आणि तरीही तिची भीती वाटते. हळूहळू कळतं की या शेताने किती मुली गिळल्या आहेत. भुतं निष्पाप आहेत, गुन्हा घरातल्या जिवंत माणसांचा आहे. ज्या राज्यात गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करावा लागला, तिथं याहून नेमका भयपट दुसरा कुठला असणार?

त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने तो हिंदीत केला. आज बहुतेकांना तोच माहीत आहे. ‘छोरी’ वाईट नाही, पण चकचकीत आहे. ‘लपाछपी’तलं घर खरोखर कुणाच्या तरी मामाचं वाटतं, आणि उषा नाईक यांच्या आवाजातली ती माया हिंदीत उतरलेली नाही.

हॉरर-कॉमेडीचं काय?

पैसा तिथं आहे, यात वाद नाही. ७ जून २०२४ ला आलेला ‘मुंज्या’ आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टचा ‘स्त्री २’ यांनी ते दाखवून दिलं. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’त मुंज झाल्यावर मेलेल्या मुलाची, पिंपळावर राहणाऱ्या भुताची लोककथा आहे. सुरुवात जबरदस्त आहे. हवी ती मुलगी मिळावी म्हणून एक पोरगा बहिणीचा बळी द्यायला निघतो. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अधिकृत नावातच ‘नरबळी’ हा शब्द आहे, इतका हा विषय गंभीर. पण पुढे संगणकावर बनवलेला मुंज्या माकडचेष्टा करत राहतो आणि ती पहिली दहा मिनिटं वाया जातात. ‘स्त्री’चा २०१८ चा पहिला भाग याहून उजवा होता. पुरुषांनी रात्री बाहेर पडायला घाबरायचं, ही एकच उलटी कल्पना त्याला पुरली.

हसवत घाबरवणं मराठीला नवं नाही. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे. कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, पण तात्या विंचू आपला झाला. त्यातला बाबाही इतका हास्यास्पद आहे की त्याच्याकडे कुणी इलाजाला जाणार नाही. लहानपणी त्या बाहुल्याने ज्यांची झोप उडवली ते आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, आणि कपाटावर ठेवलेली बाहुली त्यांना अजूनही आवडत नाही.

विदर्भाचं भूत कुठं आहे?

‘तुंबाड’ कोकणात, ‘मुंज्या’ कोकणात, झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ही कोकणात. मराठी भीतीला नारळ-सुपारी आणि लाल माती लागतेच, असा जणू नियम झाला आहे. भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता कळमेश्वरच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, रानात वारा थांबलेला असतो. ही भीती अजून कुणी नीट चित्रित केलेली नाही. त्यासाठी अंधारही लागणार नाही.

गंमत म्हणजे ‘तुंबाड’ची सुरुवात झाली ती विदर्भातच. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात असताना एका मित्राने बर्वे यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ते पार घाबरून गेले. चित्रपटाची कल्पना तिथूनच आली. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं, पाऊस कोकणातून आला. पण ती पहिली भीती गोंदियाकडच्या जंगलातली होती.