साक्ष तिची, निकाल इतरांचा

मुस्लिम स्त्रीच्या प्रश्नाचा विषय यवतमाळ, पुसद किंवा दिग्रस येथील सुशिक्षितांच्या बैठकीत निघाला की दोन तट तत्काळ पडतात. इस्लाम बदलणे शक्यच नाही, असे एक म्हणतो. तो बदलण्याचे कारणच नाही, असे दुसरा. परस्परांचे वैरी असलेल्या या दोन पक्षांचे धर्म अचल असतो या गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत आहे. इतिहास तसे सांगत नाही.

हनफी परंपरेत पती परागंदा झालेल्या वा टाकून दिलेल्या स्त्रीस विवाहबंधनातून सुटण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. तेव्हा पंजाबातील कित्येक स्त्रिया केवळ सुटका व्हावी म्हणून धर्मच सोडू लागल्या. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कडव्या सनातनी विद्वानाने मालिकी पंथातील सवलती स्वीकारण्यास शास्त्राधार दिला आणि त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा उभा राहिला. पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे त्याने पोषण न करणे, क्रूरतेने वागणे ही कारणे त्यात आली. उलेमांनी दार उघडले हे खरे. पण ते ठोठावले त्या निनावी बायकांनी. त्यांचे नाव कोणत्याही चर्चेत निघत नाही.

महाराष्ट्रात हेच कार्य उघडपणे आरंभिले गेले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. सातच का, असे हिणविणारे त्या वेळीही होते. घरचा रोष पत्करून रस्त्यावर उतरणाऱ्या सातजणींची गणती शिरगणतीने करावयाची नसते! पुढे १९८५ मध्ये इंदूरच्या शहाबानो यांच्या दरमहा १७९ रुपये २० पैशांच्या पोटगीवरून देश हादरला आणि १९८६ मध्ये संसदेने मौलवींच्या दडपणापुढे मान तुकविली. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविण्यास २२ ऑगस्ट २०१७ उजाडले. तोही निर्णय तीन विरुद्ध दोन असा.

२०१९ च्या कायद्याने अशा तलाकास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. स्त्रीस निर्वाहभत्ता, अज्ञान मुलांचा ताबा आणि जामिनापूर्वी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्यात आहे, हे स्वागतार्ह होय. परंतु तलाक न उच्चारता बायको माहेरी टाकून देणाऱ्या पतीस हा कायदा स्पर्शही करीत नाही. शिवाय कमावता पुरुष तुरुंगात असताना भत्ता कोठून यावयाचा, या प्रश्नास समाधानकारक उत्तर आम्हांस दिसत नाही. ज्यांच्या नावाने कायदा होतो त्यांस आधी विचारले असते तर मसुदा कदाचित निराळा झाला असता. बाहेरून उपदेश करणाऱ्या हिंदू बांधवांनीही, १९५१ मध्ये हिंदू कोड बिलापायी डॉ. आंबेडकरांना मंत्रिपद का सोडावे लागले, याची एकवार आठवण करावी.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातील वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते झाले. ज्या जिल्ह्याने सोसणाऱ्या स्त्रीस व्यासपीठ दिले, त्यास मुस्लिम स्त्रीचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकणे जड जाऊ नये.

त्यासाठी नवीन कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. निकाह हा करार आहे आणि करारात अटी घालता येतात. घटस्फोटाचा अधिकार पत्नीकडे सोपविण्याची तफवीजची तरतूदही परंपरेतच आहे. तिहेरी तलाक देणार नाही अशी अट निकाहनाम्यात घालण्याचा सल्ला काझींनी द्यावा, अशी सूचना आपण देऊ, असे पर्सनल लॉ बोर्डाने २०१७ मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते. पुसद, दारव्हा, उमरखेडच्या वधुपित्यांनी सही करण्यापूर्वी तो कागद मुलीच्या हाती द्यावा आणि तिला तो वाचू द्यावा.