रुळांलगतची माणसे

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यानंतर मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो जखमी झाली. माहीमसारख्या ठिकाणी सरकारी यंत्रणेच्या आधी रुळांवर पोहोचले ते लगतच्या झोपड्यांतील रहिवासी. त्यांच्यापाशी स्ट्रेचर कोठून असणार? त्यांनी घरातील चादरी ओढून आणल्या आणि त्यांची टोके धरून जखमींना वाहून नेले.

दुसऱ्या दिवशी गाड्या धावू लागल्या व ‘मुंबई स्पिरिट’चा जयघोष सुरू झाला. या जयघोषाविषयी आम्हांस पहिल्यापासून शंका आहे. रोज बुडाला तर ज्याची चूल पेटत नाही, तो कामावर जाणारच. त्याच्या निरुपायाला धैर्याचे नाव देऊन राज्यकर्त्यांना आपली जबाबदारी झटकता येते. खरे मोल आदल्या संध्याकाळच्या कृतीचे होते. भर पावसाळ्यात, जेथे धुतलेले वस्त्र वाळत नाही अशा खोलीतून, कोरडी चादर देणे म्हणजे काय, हे ज्याच्या कपाटात चादरींच्या घड्या आहेत त्यास उमजणे अवघड. आणि ती दिली कोणाला? ज्यांच्या डब्यात आपण कधी बसणार नाही, आणि ज्यांना खिडकीतून आपली झोपडी हे केवळ ‘अतिक्रमण’ दिसते, अशांना! जात-धर्म विचारण्यास तेथे कोणास सवड नव्हती. प्रत्येक मनुष्य स्वतःचा लाभ पाहूनच वागतो, असे अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ते गृहीतक बाजारभाव समजण्यापुरते ठीक आहे. त्याहून अधिक त्याच्यावर विसंबू नये.

परंतु गरिबाच्या माणुसकीवर सरकारने आपला कारभार चालवावा, हे आम्हांस मान्य नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. तेथे कॅमेरे येत नाहीत. घरी डबा धुण्याच्या वेळेपर्यंत माणूस परतला नाही, एवढीच त्या दिवसाची खूण. अशा वेळी जखमीचे डोके मांडीवर घेणारा, त्याच्या घरचा फोन लावणारा एखादा भेटतो. पण पोलिसांचा ससेमिरा आणि बुडणारी मजुरी यांच्या धास्तीने पुष्कळजण मागे सरतात. ही धास्ती निराधार नाही. म्हणूनच २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देण्यात आले. मात्र ते मोटार वाहनांच्या अपघातांपुरतेच आहे. तेच संरक्षण रुळांवर धावून जाणाऱ्यास स्पष्ट शब्दांत मिळाले पाहिजे, आणि त्याची बुडालेली मजुरी रेल्वेने भरून दिली पाहिजे. कोणी म्हणेल, माणुसकीचे का पैसे मोजायचे? हा प्रश्न बहुधा मासिक पगार घेणाराच विचारतो.