यशवंतरावांचा हिशेब आणि आपल्या खासदारांना प्रश्न

दरवर्षी १२ मार्चला आणि २५ नोव्हेंबरला कराडच्या प्रीतिसंगमावर नेत्यांची रांग लागते. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे पक्ष यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपुढे हात जोडतात. सातारा-सांगलीच्या मुस्लिम तरुणांनीही यशवंतरावांबद्दल आदर जरूर बाळगावा. पण त्यांची कारकीर्दही वाचावी. खासदार आपल्या बाजूचा आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, याचा धडा तिच्यात आहे.

यशवंतरावांचा जन्म १९१३ मध्ये देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. वडील लहानपणीच गेले. आई विठाईंनी गरिबीत मुलांना वाढवले. १९३२ मध्ये कायदेभंगात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये ते आमदार झाले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कराडमधून कसेबसे निवडून आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. चीन युद्धाच्या वेळी दिल्लीला गेले. १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध, मग १९६७, १९७१, १९७७ आणि १९८० अशा चार निवडणुका साताऱ्यातून. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही मोठी खाती त्यांनी सांभाळली. विरोधी पक्षनेते झाले, १९७९ मध्ये उपपंतप्रधानही झाले.

आता जमेची बाजू पाहू. नवे राज्य मराठ्यांचे होणार की मराठी माणसांचे, या प्रश्नाला त्यांनी मराठी असे स्पष्ट उत्तर दिले. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या दलितांच्या सवलती त्यांच्या सरकारने चालू ठेवल्या. आणि १९५९ मध्ये त्यांनी ईबीसी सवलत आणली: ज्या घराचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी, त्या घरातल्या मुलांची फी माफ. त्यात जात नव्हती, धर्म नव्हता. शेतमजूर, बागवान, अत्तार, शिकलगार, सगळ्यांच्या मुलांसाठी दार सारखेच उघडे होते. यशवंतरावांनी मुसलमानांसाठी वेगळे काय केले, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी ही सवलत पाहावी. वेगळे काही न करताही गरीब मुसलमानाला शाळेत बसवता येते.

आता दुसरी बाजू. १९६६ ते १९७० या काळात यशवंतराव देशाचे गृहमंत्री होते. याच काळात रांची (१९६७), अहमदाबाद (१९६९), भिवंडी आणि जळगाव (१९७०) इथे मोठ्या दंगली झाल्या. कायदा-सुव्यवस्था राज्यांकडे असते हे खरे. पण भिवंडी आणि जळगाव त्यांच्याच महाराष्ट्रात आहेत, आणि तिथे त्यांच्याच पक्षाचे सरकार होते. त्यांनी कायदा मात्र कडक केला. धर्माच्या नावाने तेढ पसरवणाऱ्यांसाठी असलेले भारतीय दंड संहितेचे कलम १५३-अ हे १९६९ मध्ये अधिक व्यापक झाले. आज तेच भारतीय न्याय संहितेत कलम १९६ म्हणून आहे.

त्यांच्याच गृहमंत्रिपदाच्या काळात, डिसेंबर १९६७ मध्ये, संसदेने आणखी एक कायदा केला. तो म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, यूएपीए. त्या वेळी त्याचा हेतू मर्यादित होता: देशाचा भूभाग तोडू पाहणाऱ्या संघटनांवर बंदी घालणे. बंदी योग्य की अयोग्य, हे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे न्यायाधिकरण तपासणार होते. हा तपास नावापुरता नव्हता. डिसेंबर १९९२ मध्ये जमाअते इस्लामी हिंदवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रद्द केली, कारण न्यायाधिकरणाने पुराव्याची नीट छाननी केली नव्हती.

पुढे या कायद्यात भर पडत गेली. २००४ मध्ये दहशतवादाचे प्रकरण आले. २००८ मध्ये जामीन जवळपास अशक्य करणारी तरतूद आली. २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पहिल्या दोन दुरुस्त्या काँग्रेसप्रणीत सरकारच्या, तिसरी भाजप सरकारची. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम केले आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. मूळ कोड लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो, नंतर येणारा प्रत्येक जण त्यात भर घालतो आणि भोगावे लागते वापरणाऱ्याला.

खासदार जातो, कायदा राहतो. यशवंतराव १९८४ मध्ये गेले. १९६७ चा कायदा आजही तरुणांना वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवतो. १९६९ चे कलम मात्र, ते जिथे वापरायला हवे तिथे, फाइलीतच पडून राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या पोस्टचे निमित्त झाले, जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले होते की द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा.

आणि आपण काय पाहतो? खासदार ईदला मोहल्ल्यात आले का, शीरखुर्मा प्यायले का, इफ्तारमध्ये टोपी घातली का! एवढ्यावर आपण खुश होतो किंवा नाराज होतो. हे खासदारांच्या सोयीचे आहे, कारण फोटोला काही खर्च येत नाही.

त्याऐवजी साताऱ्याचे खासदार उदयनराजे भोसले आणि सांगलीचे खासदार विशाल पाटील यांना आपण तीन प्रश्न विचारू. पहिला, मतदानाचा. २०१९ ची यूएपीए दुरुस्ती लोकसभेत २८७ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाली आणि २०२५ चे वक्फ विधेयक २८८ विरुद्ध २३२ मतांनी. अशा कायद्यांवर तुमची भूमिका काय, आणि ती तुम्ही सभागृहात मांडली का? दुसरा, सुरक्षेचा. आपल्या जिल्ह्यात कलम १९६ खाली किती गुन्हे नोंदले, किती खटले उभे राहिले, याचा पाठपुरावा तुम्ही केला का? तिसरा, शिक्षणाचा. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या मुलांची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. ती परत सुरू व्हावी म्हणून तुम्ही काय केले?

या प्रश्नांसाठी मोर्चा लागत नाही. खासदारांचे प्रश्न आणि भाषणे संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मतविभाजन झाले असेल तर कोणी कुठे मत दिले, हेही नावानिशी कार्यवृत्तात सापडते. प्रत्येक गावातल्या दोघा-तिघांनी महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी द्यावी, सापडलेली नोंद मराठीत लिहून मोहल्ल्यातल्या ग्रुपवर टाकावी आणि खासदारांच्या कार्यालयात लेखी प्रश्न देऊन त्याची पोच घ्यावी. हे प्रश्न फक्त मुसलमानांचे नाहीत. फी भरता न येणारा मुलगा आणि खटल्याविना तुरुंगात बसलेला माणूस कोणत्याही घरातला असू शकतो. म्हणून शेजारच्या मराठा, धनगर, बौद्ध मित्रालाही सोबत घ्या.

यशवंतरावांच्या कारकिर्दीत फीमाफी आहे आणि यूएपीएही आहे. दोन्ही लिहिलेले आहे, म्हणून आज आपण त्यांचा हिशेब मांडू शकतो. आत्ताच्या खासदारांचा हिशेब मांडायला त्यांच्या पुण्यतिथीची वाट पाहू नका.